तीन आण्यांचे एकोणीस पैसे

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या कापडवाल्यांना एका शाळामास्तराची गरज पडली. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै हा हिशेब ज्यांच्या बोटांत भिनला होता, त्यांना एका सकाळी कळलं की रुपयाचे आता शंभर पैसे. म्हणजे आण्याचे सव्वासहा. पाव पैशाचं नाणं तर कुठेच नाही. म्हणून सरकारने तक्ता काढला: एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. गोंधळ याच तक्त्याने झाला. एकेक आण्याची तीन बटणं वेगवेगळी घेतली तर अठरा पैसे, आणि तीन आण्यांची गुंडी एकदम घेतली तर एकोणीस. हा वरचा एक पैसा कुणाच्या गल्ल्यात जातो, यावरून दुकानांच्या पायऱ्यांवर रोज वाद होत.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, तेव्हा पेटेतल्याच एका कन्नड शाळेत गणित आणि इतिहास-भूगोल शिकवत. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. त्यांनी पुठ्ठ्यांवर तो तक्ता कन्नड, तेलुगू आणि नागरी अशा तीन लिप्यांत लिहिला, कारण गल्लीतले मालक मारवाडी, गुमास्ते तेलुगू आणि गिऱ्हाईक कन्नड. शाळा सुटल्यावर ते दुकानोदुकानी जाऊन पुठ्ठा खिळ्याला अडकवत आणि समजावून सांगत. तीन आण्यांचे खरे पावणेएकोणीस होतात, पाव पैसा गिऱ्हाइकाचा जातो. दोन आण्यांचे साडेबारा होतात, तिथे अर्धा पैसा तुमचा जातो. चार आण्यांवर दोघे बरोबरीला येतात. ज्याला फार वाटतं त्याने चार आण्यांपर्यंत थांबावं. हे शेवटचं वाक्य पेटेत बराच काळ टिकलं. भांडण फार ताणलं की म्हातारे दुकानदार म्हणत, थांब रे, मेष्ट्रु सांगायचे तसं चार आण्यांपर्यंत थांब.

मेष्ट्रु म्हणजे मास्तर. पेटेत त्यांना दुसरं नाव नव्हतं.

पुढे काही वर्षांतच वारांचे मीटर झाले आणि पुन्हा तीच पायपीट. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. मीटर त्याहून लांब, तेव्हा मीटरचा भाव वारापेक्षा जास्त असणारच, पण गिऱ्हाइकाला वाटे की नव्या मापाच्या नावाखाली लुबाडतात. अण्णा एका दोरीवर वाराची गाठ आणि मीटरची गाठ मारून ती दोरी खिशात ठेवत. ज्याला शंका असेल त्याच्या हातात दोरी द्यायची. फरक बोटांना कळला की भाव आपोआप पटतो, असं ते म्हणत. हे त्यांना सुचणं साहजिक होतं, कारण आमचं घर शिंप्याचं. माझे पणजोबा चिकपेटेतल्या एका दुकानाच्या पडवीत यंत्र टाकून बसत. अण्णा शाळेत असताना रात्री काजं करत, हातशिलाई घालत आणि परीक्षेच्या दिवसांत तुरपाई करता करता पाढे म्हणत. घरातला पहिला मॅट्रिक, पहिला पगारदार. तरी पणजोबा थकले तेव्हा कितीतरी वर्षं सणासुदीच्या गर्दीत शाळेहून आल्यावर ते यंत्रावर बसत असत. आमच्या कोनाड्यात खडूंच्या दोन डब्या होत्या, एक कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूंची आणि एक फळ्याच्या. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात दोन्ही सापडायचे.

मी लिहिते आहे ते एका अशा माणसाबद्दल, ज्याच्या नावाची पाटी कुठे नाही, पुरस्कार नाही, छापलेलं पुस्तक नाही. त्यांचं आयुष्य जवळजवळ सगळं एका मैलाच्या आत गेलं. जन्म पेटेत, शाळा पेटेत, नोकरी पेटेत, संसार पेटेत. अशा माणसाचं मोठेपण सांगायचं तर ते कुठे कुठे गेले हे सांगून भागत नाही. ते कुठून हलले नाहीत, हे सांगावं लागतं.

पेटेतून हलणं ही बेंगळुरूची जुनी रीत आहे. १८९८ मध्ये प्लेग आला, दाटीच्या गल्ल्यांत माणसं पटापट गेली, आणि मग मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींकडे ज्यांना जमलं ते गेले. स्वातंत्र्यानंतर जयनगर झालं, राजाजीनगर झालं, विजयनगर झालं. माझे दोन्ही काका तसेच गेले. प्रत्येकाने नव्या घरात अण्णांसाठी खोली ठेवली होती, खिडकीत पारिजात, अंगणात नळ. अण्णा सणाला जात, दोन दिवस राहत, परत येत. काकांना राग यायचा. चिकपेटेत श्वास घ्यायला जागा नाही, खाली मालाचे गठ्ठे, वर गठ्ठे, पावसाळ्यात गल्लीत घोटाभर पाणी, हे सगळं खरंच होतं. अण्णांचं उत्तर एकच असे: पोराला अडलं तर ते रात्री नऊला राजाजीनगरला बस धरून येईल का रे? इथे ते चपला न घालता येतं.

आणि पोरं खरंच येत. ही पोरं कोण, हे सांगायला हवं. चिकपेट ही घाऊक बाजाराची पेठ. तिथल्या शाळेत दुकानमालकांची मुलं क्वचितच असत. असत ती हमालांची, गुमास्त्यांची, कब्बनपेटेतल्या विणकरांची, गाडीवाल्यांची. सातवीनंतर ती शाळेतून एकेक करून गळत आणि कुठल्यातरी दुकानात गठ्ठे उचकटायला लागत. पटावरून नाव कमी झालं की शाळेचं काम संपत असे. अण्णांचं सुरू होई. संध्याकाळी ते त्या दुकानात जाऊन मालकासमोर गादीवर बसत. मागणी फार नसे. परीक्षेआधीचे दोन महिने या मुलाला संध्याकाळी दोन तास सोडा, बदल्यात त्याला वही लिहायला मी शिकवतो, तुमचा रोजमेळ तो लिहील. मालकाला हा व्यवहार कळत असे. अशी कितीतरी मुलं आमच्या माडीवरच्या खोलीत एसएसएलसीच्या परीक्षेला बसायच्या तयारीने शिकली. व्याजाचं गणित ती मुलं खऱ्या हुंडीवर करत. पाठ्यपुस्तकातले राम आणि श्याम त्यांना लागत नसत.

दया दाखवणाऱ्याचा आवाज अण्णांना नव्हता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालकाशी ते देवघेवीच्या भाषेत बोलत आणि मुलाशीही. वही पूर्ण केलीस तर पुढचा धडा, नाहीतर नाही. गरिबाच्या मुलाला सूट देणं म्हणजे त्याला कमी लेखणं, असं त्यांना मनापासून वाटे.

भूगोलाचा तास ते रस्त्यावर घेत. दोड्डपेटे, म्हणजे आजचा अॅव्हेन्यू रोड, आणि चिक्कपेटे जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकातून केंपेगौडाने १५३७ मध्ये चार दिशांना चार नांगर सोडले आणि नांगर थांबले तिथवर शहर आखलं, अशी बेंगळुरूची जन्मकथा आहे. अण्णा वर्गाला त्या चौकात उभं करत आणि गल्ल्या वाटून देत. अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या, गाणिगरपेटेत तेली, कुंबारपेटेत कुंभार. प्रत्येकाने आपल्या गल्लीत जाऊन विचारायचं की हा माल कुठून येतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर भारताचा नकाशा निघे आणि त्यावर मुलं बोट ठेवत, सुरत, अहमदाबाद, धर्मावरम, दावणगेरे. ज्याचे वडील पोती उचलत, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळे की आपला बाप कुठून कुठपर्यंतच्या साखळीतला एक दुवा आहे. चौकातून परतीच्या वाटेवर राईस मेमोरियल चर्चसमोर थांबून ते लुईस राईसची गोष्ट सांगत. मिशनऱ्याचा हा मुलगा १८३७ मध्ये बेंगळुरूतच जन्मला, म्हैसूर संस्थानात शाळाखात्यात अधिकारी झाला, आणि शाळा तपासत गावोगाव हिंडताना दगडांवरची जुनी अक्षरं वाचत, उतरवत गेला. त्यातून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड उभे राहिले. शाळा तपासायला आलेला माणूस काय काय बघू शकतो बघा, असं म्हणताना त्यांचे डोळे चमकत.

इतिहासात मात्र ते कडक. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले की आमचे मूळपुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला आले. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळुरू घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, हे इतिहासाला ठाऊक आहे. राजांच्या इथल्या दरबारात अनेक भाषांतले कवी होते, जयराम पिंड्ये यांचं ‘राधामाधवविलासचंपू’ त्या दरबाराचं वर्णन करतं, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते संपादून छापलं. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा कन्नड शिलालेख आहे, तो अण्णा आम्हा नातवंडांना हात धरून दाखवायला नेत. १६८७ मध्ये बेंगळुरू तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं, तेही सांगत. पण तंबू शिवणारा पूर्वज? त्याचा कागद नाही, म्हणून वर्गात त्याचं नाव नाही. घरी, अंथरुणावर, दिवा मालवल्यावर तो पूर्वज यायचा, त्याची दाभण यायची, पावसात फाटलेली कनात यायची. कागद असेल तर इतिहास म्हणून सांगावं, नसेल तर गोष्ट म्हणून, आणि दोन्ही सारख्याच जीव लावून सांगावं. मी पुढे जे काही लिहायला शिकले त्याची मुळं त्या अंधारात आहेत.

घरात मराठी, बाहेर कन्नड, ही आमची वाटणी. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना ऐकायला वेगळी लागे, कन्नडचा हेल आणि निम्मी स्वयंपाकघरातली नावं कन्नडच. संक्रांतीला आम्ही तिळगूळही वाटायचो आणि एळ्ळु-बेल्लही. गूळ आणि सुकं खोबरं अडकित्त्याने एकसारखं बारीक कातरायचं काम अण्णांकडे असे, कारण हाताला शिंप्याची सफाई. विठ्ठलाच्या देवळात नामदेवांचे अभंग म्हणताना ते टाळ धरत, आणि चैत्र पौर्णिमेला करगाची मिरवणूक निघाली की रात्रभर जागून तिची वाट पाहत. १९८२ मध्ये गोकाक समितीच्या अहवालावरून कन्नडसाठी मोठं आंदोलन झालं, कन्नड नट राजकुमार त्यात उतरले, तेव्हा महाराष्ट्रातल्या एका नातेवाइकाने अण्णांना पत्र लिहून विचारलं की तुम्ही मराठी माणसं आता काय करणार. अण्णांनी उत्तर धाडलं ते घरात अजून सांगतात: ज्या गल्लीत मूल वाढतं त्या गल्लीची भाषा त्याला शाळेत पहिली मिळाली पाहिजे, मराठी सांभाळायला आमचं घर आहे. मला हे उत्तर आजही बरोबर वाटतं. सीमाभागातल्या लोकांची कळ वेगळी आहे, त्यांच्या बाजूने बोलायचा अधिकार अण्णांनी कधी घेतला नाही. ते आपल्या गल्लीपुरतं बोलले.

या बाबतीत त्यांचं दैवत दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. १८९६ मध्ये धारवाडात जन्मलेले, घरी मराठी बोलणारे, व्हिक्टोरिया हायस्कुलात मास्तरकी केलेले, सोलापूरच्या डीएव्ही महाविद्यालयात १९४४ ते १९५६ शिकवलेले, आणि कन्नडचे वरकवी. ‘नाकु तंती’साठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा अण्णांनी वर्गाला पेढे वाटले होते. आईचं नाव स्वतःच्या नावाआधी लावून ‘अंबिकातनयदत्त’ म्हणून लिहिणारा हा कवी त्यांना घरातल्या वडील माणसासारखा वाटे. बेंद्र्यांची कितीतरी मुलं डोळ्यांदेखत गेली. अण्णांची एक गेली. माझ्या वडिलांच्या पाठची मुलगी, चार वर्षांची, तापाने. तिच्याबद्दल घरात फारसं बोलणं नसे. तिचं नाव माझ्या आत्येबहिणीला ठेवलंय, एवढं मला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर त्यांचं पेन्शन अॅव्हेन्यू रोडच्या तोंडाशी असलेल्या मैसूर बँकेत येई. १९१३ मध्ये विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने निघालेली बँक. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते धोतर बदलून, छत्री घेऊन जात, येताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून काहीतरी आणत आणि आजीसाठी मोगऱ्याचा गजरा. हा गजरा मी कळायला लागल्यापासून पाहिला. आजीचे डोळे काचबिंदूने हळूहळू गेले. एकदा गेलेली नजर त्यात परत येत नाही, डॉक्टर उरलेली राखायचा प्रयत्न करतात, आणि शेवटी तीही राहिली नाही. तेव्हा पंचाहत्तरीच्या या माणसाने स्वयंपाक शिकायला घेतला. आजी पाटावर बसून सांगे, अण्णा करत. भाकरी थापताना कड जाड राहिली की ती तव्यावर पडल्याच्या आवाजावरून आजीला कळे. अहो, कडेला पीठ राहिलंय. ते हसत नसत, पुन्हा थापत. हुळीतल्या डाळीचं प्रमाण त्यांनी वहीत लिहून काढलं, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, समास सोडून. सकाळी आजीची वेणी ते घालत. शेजारच्या बाईंकडून शिकून घेतली होती, तीन पेडांची, घट्ट. मग गजरा.

त्यांच्या पिढीतल्या पुरुषांत हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. अण्णांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. सकाळी दहापर्यंत वेणी, भाकरी, पेपर वाचून दाखवणं, आणि संध्याकाळी माडीवर पोरं, दोन्हीकडे तीच चिकाटी आणि तोच शांत आवाज. लोक म्हणत, मास्तरांनी आयुष्य शाळेला दिलं. माझ्या मते त्यांनी ते माणसांना दिलं, जी हाताशी आली त्यांना. आजी त्यात पहिली.

२०१७ हे वर्ष पेटेला उलथवणारं होतं. एप्रिलमध्ये मैसूर बँक स्टेट बँकेत विलीन झाली. जूनमध्ये चिकपेटेच्या पोटातून मेट्रो धावू लागली. अण्णांना आम्ही सरकत्या जिन्याने खाली नेलं, फलाटावर उभं राहून ते कितीतरी वेळ छताकडे पाहत होते, कारण वर कुठली गल्ली असेल हे त्यांना ठरवायचं होतं. आणि १ जुलैला जीएसटी आला. कापडावर पाच टक्के, तयार कपडा हजार रुपयांपर्यंत पाच आणि त्यापुढे बारा. पेटेत पुन्हा गोंधळ. ज्या दुकानात साठ वर्षांपूर्वी त्यांचा पुठ्ठा टांगला होता, तिथला नातू कागद घेऊन आमच्या माडीवर आला. अण्णांनी भिंग मागवलं, कागद दोनदा वाचला आणि त्यालाच उलट विचारलं, नऊशे नव्वदच्या सदऱ्यावर किती आणि हजार दहाच्या सदऱ्यावर किती, सांग. मुलाने आकडे केले आणि त्याच्या ध्यानात आलं की वीस रुपयांच्या फरकाने कर दुपटीच्याही वर जातो. हे गिऱ्हाइकाला तू स्वतः सांग, अण्णा म्हणाले, त्याने विचारायच्या आधी सांग.

पुढच्या वर्षी ते गेले. दिवसांच्या त्या काळात माडीचा जिना रिकामा नसे. भेटायला आलेले कन्नडमध्ये बोलत, हिंदीत, तेलुगूत, काही दख्खनी उर्दूत, आणि आजी सगळ्यांना मराठीत उत्तर देई. कुणाला काही अडलं नाही. तेराव्याला एक गृहस्थ आले, पांढरे केस, सुलतानपेटेत कागदाचा धंदा. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, मेष्ट्रु आम्हाला पुस्तकाबाहेरचे बेंद्रे म्हणून दाखवत, तास संपला तरी थांबत नसत. पण एक कविता त्यांनी कधी म्हटली नाही. मूल गेलेल्या घरात बायकोच्या नजरेला नजर देता येत नाही अशा बापाची ती कविता आहे. मी ती कुठेतरी वाचून आलो आणि वर्गात म्हणा म्हणून हट्ट धरला. ते म्हणाले, ती घरी वाच.

लोक गेल्यावर आजीने विचारलं, कुठली गं ती कविता? मी कपाटातून पुस्तक काढलं. तिला कन्नड अक्षर वाचता येत नव्हतंच, डोळे असतानाही नव्हतं. मी वाचू लागले आणि दर ओळीनंतर तिला मराठीत सांगू लागले. दुसऱ्या कडव्यात तिने माझा हात दाबला.

‘‘धारवाडचं कन्नड आहे ते, शाळेतल्यासारखं वाचू नकोस,’’ ती म्हणाली. आणि पुढचं सगळं तिने स्वतः म्हटलं, एकही शब्द न चुकता, कुठे थांबायचं ते थांबत. मी विचारलं, आजी, तुला हे केव्हापासून येतं?

‘‘ती गेली त्या वर्षापासून. रोज रात्री म्हणायचे ते. मी म्हटलं, मला पण शिकवा.’’